ग्रीक शोकांतिकांना अभिजात कोणी केले?

इ.स.पू. ४३१ च्या वसंतात अथेन्समध्ये डायोनिसस देवाच्या उत्सवात नेहमीप्रमाणे तीन नाटककारांची स्पर्धा झाली. पहिला आला युफोरियन, म्हणजे आधीच्या पिढीतला थोर नाटककार एस्किलस याचा मुलगा. दुसरा आला सोफोक्लीस. तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर युरिपिडीस राहिला, आणि त्या वर्षी त्याने सादर केलेल्या नाटकांत ‘मेडीआ’ होते. पुढे सोफोक्लीसच्या ‘ईडिपस राजा’लाही पहिले पारितोषिक मिळाले नाही. ते मिळाले फिलोक्लीसला, आणि हा एस्किलसचा भाचा होता. आज युफोरियनच्या आणि फिलोक्लीसच्या नावावर एकही संपूर्ण नाटक शिल्लक नाही. ‘मेडीआ’ आणि ‘ईडिपस’ मात्र जगभरच्या रंगभूमीवर होत असतात.

हे वाचून आपण चटकन म्हणतो की परीक्षक चुकले आणि काळाने न्याय केला. ‘काळाच्या कसोटीला उतरलेले’ हा शब्दप्रयोग आपल्या लेखणीतून इतक्या सहजपणे उतरतो की त्यात काही विधान दडले आहे, हेही लक्षात येत नाही. काळ परीक्षा घेत नाही, तो केवळ नष्ट करतो. पपायरस कुजतो, ग्रंथालये जळतात, पाठांतर करणारी माणसे मरतात. जे उरते ते कोणीतरी, कोणत्यातरी गरजेपोटी, मुद्दाम पुन्हा लिहून काढलेले किंवा पुन्हा रंगमंचावर आणलेले असते. ग्रीक शोकांतिका अभिजात कशा ठरल्या, हा प्रश्न म्हणूनच ‘त्या किती श्रेष्ठ आहेत’ या प्रश्नाहून वेगळा आहे आणि तो स्वतंत्रपणे विचारला पाहिजे, असे मला वाटते.

आधी शब्दाकडे पाहू. युरोपात ज्याला ‘क्लासिक’ म्हणतात तो शब्द लॅटिनमधील ‘क्लासिकस’वरून आला. रोममध्ये नागरिकांची मालमत्तेनुसार वर्गवारी होत असे आणि ‘क्लासिकस’ म्हणजे त्यांतल्या वरच्या वर्गातला माणूस. इ.स.च्या दुसऱ्या शतकात ऑलस गेलियस या रोमन लेखकाने हा शब्द लेखकाला लावला आणि त्याच्यासमोर उभा केला तो ‘प्रोलेटेरियस’, ज्याच्याकडे मालमत्ता नाही असा लेखक. मराठीने यासाठी ‘अभिजात’ हा शब्द घेतला, ज्याचा संस्कृतातला अर्थ उच्च कुळात जन्मलेला असा आहे. एका शब्दात संपत्ती आहे, दुसऱ्यात कुळ आहे. दोन्ही शब्द आपल्याला असे सुचवतात की हा गुण त्या कृतीला जन्मतःच मिळालेला असतो. ग्रीक शोकांतिकेचा इतिहास याच्या नेमका उलट आहे.

ही नाटके लिहिली जात होती एका दिवसासाठी. उत्सवात तीन कवी निवडले जात, प्रत्येकाने तीन शोकांतिका आणि एक सॅटिर नाटक (अर्धे पशू असलेल्या सॅटिरांच्या समूहाचे थट्टेखोर नाटक) सादर करायचे, खर्चाचा मोठा भार एखाद्या श्रीमंत नागरिकाने उचलायचा, आणि चिठ्ठ्यांनी निवडलेल्या परीक्षकांनी निकाल द्यायचा. दरवर्षी नऊ नव्या शोकांतिका धरल्या तर पाचव्या शतकात या एकाच उत्सवात सुमारे नऊशे शोकांतिका झाल्या असतील. आपल्याकडे आज एस्किलस, सोफोक्लीस आणि युरिपिडीस या तिघांची मिळून संपूर्ण अशी तेहतीस नाटके आहेत, त्यांतले एक सॅटिर नाटक आहे आणि एकदोन नाटके नेमकी कोणाची याबद्दल वाद आहेत. एस्किलसने सत्तर ते नव्वद नाटके लिहिली, त्यांतली सात उरली. सोफोक्लीसने शंभराहून अधिक लिहिली, त्याचीही सातच उरली.

मग पहिली निवड कोणी केली? माझे उत्तर असे आहे की पंडितांच्या कितीतरी आधी ती नटांनी केली.

एस्किलस इ.स.पू. ४५६ मध्ये सिसिलीतील गेला येथे वारला. त्याच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या समाधिलेखात मॅरेथॉनच्या लढाईचा उल्लेख आहे आणि नाटकांचा एका शब्दानेही नाही. मात्र त्याच्या मृत्यूनंतर अथेन्सने त्याची नाटके पुन्हा सादर करण्याची मुभा दिली, असे त्याच्या प्राचीन चरित्रात म्हटले आहे. इ.स.पू. ४०५ मधल्या ‘बेडूक’ या प्रहसनात अ‍ॅरिस्टोफेनीसने याचाच आधार घेतला. युरिपिडीस आणि सोफोक्लीस दोघेही नुकतेच गेलेले आहेत, चांगला कवी उरला नाही म्हणून डायोनिसस स्वतः पाताळात उतरतो, आणि तिथे एस्किलस व युरिपिडीस यांच्यात वाद जुंपतो. एस्किलस तक्रार करतो की ही स्पर्धा बरोबरीची नाही: माझे काव्य माझ्याबरोबर मेले नाही, याचे मात्र याच्याबरोबर मेले, त्यामुळे म्हणून दाखवायला ते याच्या हाताशी इथेच आहे. पुढे चक्क तराजू आणला जातो. युरिपिडीस एका पारड्यात ‘मेडीआ’ची पहिली ओळ टाकतो, आर्गो जहाज तसे उडत गेलेच नसते तर बरे झाले असते, ही. एस्किलस दुसऱ्या पारड्यात स्पेरखिऑस नदीची ओळ टाकतो आणि त्याचे पारडे खाली जाते. डायोनिसस कारण सांगतो: लोकर विकणारे वजन वाढावे म्हणून लोकर भिजवतात, तशी याने ओळीत नदी घालून ती भिजवली, तू मात्र पंख असलेली ओळ ठेवलीस. प्रेक्षक हसले असतील, पण या हसण्यात एक फार मोठी गोष्ट पक्की होत होती. शेकडो कवी होऊन गेले असताना वाद आता या मोजक्यांमध्येच आहे, हे अथेन्सच्या प्रेक्षकाने गृहीत धरले होते.

एस्किलसचे ते म्हणणे युरिपिडीसच्या बाबतीत लवकरच खोटे ठरले. इ.स.पू. ३८६ मध्ये उत्सवात पहिल्यांदा ‘जुने’ नाटक स्पर्धेबाहेर सादर झाल्याची नोंद शिलालेखात आहे. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात ही प्रथा स्थिरावलेली दिसते: ३४१ मध्ये निओप्टोलेमस या नटाने युरिपिडीसचे ‘इफिजेनिया’ केले, पुढच्या वर्षी त्यानेच ‘ओरेस्टीस’ केले. हा तपशील मला अतिशय बोलका वाटतो. नोंदीत जुने नाटक सादर करणारा म्हणून नटाचे नाव आहे. कवीला जाऊन पासष्ट वर्षे होत आली होती आणि त्याची निवड आता नट करत होता. नट काय निवडेल? ज्यात आपल्याला करायला काही आहे, असे नाटक. ‘ओरेस्टीस’मध्ये आईला मारलेल्या मुलाचे वेड आहे, बहीण त्याला धरून बसली आहे, मध्येच भानावर येणे आहे. याच नाटकाच्या पहिल्या प्रयोगात, इ.स.पू. ४०८ मध्ये, हेगेलोकस नावाच्या नटाचा श्वास एका ओळीत चुकला आणि ‘वादळानंतर शांत समुद्र दिसतो’ याऐवजी ‘मुंगसासारखे जनावर दिसते’ असे ऐकू आले. विनोदी नाटककारांनी त्याला पुढे वर्षानुवर्षे सोडले नाही. एका नटाची फजिती पिढ्यान्‌पिढ्या लक्षात राहते, याचा अर्थ ते नाटक लोकांच्या जिभेवर होते. इ.स.पू. ४१३ मध्ये सिराक्यूजला कैद झालेल्या काही अथेन्सच्या सैनिकांची युरिपिडीसच्या ओळी म्हणून दाखवल्यामुळे सुटका झाली, अशी हकीकत प्लूटार्कने सांगितली आहे. हयातीत जेमतेम चार वेळा पहिला आलेला हा कवी स्पर्धेच्या बाहेर, शहराच्या बाहेर, नटांच्या आणि श्रोत्यांच्या आधाराने मोठा होत गेला.

मात्र नट नाटक जिवंत ठेवतो तेव्हा ते आहे तसे ठेवत नाही. तो पदरच्या ओळी घालतो, भाषण लांबवतो, प्रवेश गाळतो. आज आपल्या हाती असलेल्या युरिपिडीसच्या संहितांत नटांनी घातलेल्या ओळी कोणत्या, यावर अभ्यासक शतकानुशतके भांडत आले आहेत. इ.स.पू. ३३० च्या आगेमागे अथेन्सचा अर्थकारभार पाहणाऱ्या लायकर्गसने एक कायदा आणला. एस्किलस, सोफोक्लीस आणि युरिपिडीस यांचे ब्राँझचे पुतळे उभारायचे, त्यांच्या नाटकांच्या अधिकृत प्रती सरकारी दप्तरात ठेवायच्या, आणि प्रयोग करणाऱ्यांनी त्या संहितेपासून ढळायचे नाही. अथेन्स तेव्हा मॅसिडोनियाकडून हरलेले होते. हाच लायकर्गस एका देशद्रोहाच्या खटल्यात युरिपिडीसच्या एका नाटकातील पन्नासहून अधिक ओळी न्यायालयात वाचून दाखवतो, आणि त्या नाटकातला तो भाग आपल्याला माहीत आहे तो या भाषणामुळे. हरलेल्या शहराला आपला मोठेपणा कुठेतरी ठेवायचा होता आणि तो त्याने गेल्या शतकाच्या तीन कवींत ठेवला. अभिजातपणाचा पहिला सरकारी दाखला असा पराभवानंतर निघाला.

याच काळात एक जिवंत नाटककार होता, अ‍ॅस्टिडॅमस. त्याने दोनशेहून अधिक नाटके लिहिली, अनेकदा पहिले पारितोषिक मिळवले, आणि नाट्यगृहात त्याचा पुतळा त्या तिघांच्या पुतळ्यांच्याही आधी उभा राहिला. त्या पुतळ्यासाठी त्याने स्वतःच ओळी रचल्याचे सांगतात: मी त्यांच्या काळात जन्मलो असतो किंवा ते माझ्या काळात, तर माझी खरी योग्यता ठरली असती, पण ते काळाने पुढे आहेत आणि तिथपर्यंत मत्सर पोहोचत नाही. अथेन्सकरांनी त्या ओळी कोरू दिल्या नाहीत आणि स्वतःची स्तुती करणाऱ्याला ‘अ‍ॅस्टिडॅमससारखा’ म्हणण्याची म्हण पडली. मला या माणसाबद्दल कणव वाटते. त्याचे म्हणणे गर्विष्ठ असेल, पण खरे होते. मृतांची यादी एकदा बंद झाली की जिवंतांना तिच्यात शिरता येत नाही. त्याच्या पुतळ्याच्या बैठकीचा दगड सापडला आहे. नाटक एकही उरलेले नाही.

यानंतरची कथा बरीचशी ग्रंथालयांची आणि शाळांची आहे. अलेक्झांडरने आशियातल्या मोहिमेवर असताना वाचायला पुस्तके मागवली, तेव्हा त्याला पाठवलेल्या ग्रंथांत या तिघांच्या शोकांतिका होत्या. त्याच्या मागोमाग ग्रीक नाट्यगृहे आजच्या अफगाणिस्तानातील आय खानूमपर्यंत पोहोचली. इजिप्तच्या तिसऱ्या टॉलेमीने अथेन्सकडून त्या अधिकृत प्रती नकलेसाठी उसन्या घेतल्या आणि अनामत म्हणून पंधरा टॅलंट, म्हणजे जवळपास चारशे किलो चांदी ठेवली. नंतर त्याने मूळ प्रती ठेवून घेतल्या, सुंदर नकला परत पाठवल्या आणि अनामतीवर पाणी सोडले. ही गोष्ट वैद्य गेलन याने सांगितली आहे. अलेक्झांड्रियाच्या पंडितांनी संहिता तपासल्या, प्रस्तावना लिहिल्या, टिपा दिल्या. आणि मग शाळा आल्या. शिक्षकाला नव्वद नाटके शिकवता येत नाहीत. हळूहळू एस्किलसची सात, सोफोक्लीसची सात, युरिपिडीसची दहा एवढीच टिपांसह वाचली जाऊ लागली, आणि बायझँटियममध्ये, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्यात, तर प्रत्येकाची तीन-तीनच. युरिपिडीसची ती तीन होती ‘हेक्युबा’, ‘ओरेस्टीस’ आणि ‘फिनिशियन स्त्रिया’. यांतली किती आज सामान्य वाचकाला माहीत आहेत? आणि आपण ज्यांना शिखरे मानतो ती ‘मेडीआ’, ‘अँटिगनी’, ‘बॅकी’ या तिनांच्या याद्यांत नव्हती. एस्किलसच्या ‘ओरेस्टिया’ या तीन नाटकांच्या मालिकेतले मधले नाटक एका हस्तलिखितावर अवलंबून आहे. त्याची सुरुवातीची पाने गळाली आहेत आणि पहिल्या काही ओळी आपल्याला मिळतात त्या ‘बेडूक’मध्ये त्यांची थट्टा झाली म्हणून.

अभिजातपणाचा विचार करताना मला सर्वांत महत्त्वाचा पुरावा वाटतो तो युरिपिडीसच्या उरलेल्या नऊ नाटकांचा. ती शाळेने निवडलेली नव्हती. त्याच्या समग्र नाटकांची वर्णानुक्रमे मांडलेली एक आवृत्ती होती आणि तिचा एक तुकडा योगायोगाने बचावून चौदाव्या शतकातल्या एका हस्तलिखितापर्यंत पोहोचला. म्हणून या नाटकांची ग्रीक नावे एप्सिलॉनपासून कॅप्पापर्यंतच्या अक्षरांनीच सुरू होतात: ‘हेलन’, ‘इलेक्ट्रा’, ‘हेराक्लीस’, ‘आयॉन’, दोन्ही ‘इफिजेनिया’, ‘सायक्लॉप्स’ आणि आणखी दोन. निवडीची दहा आणि अक्षराच्या नशिबाने बचावलेली ही नऊ शेजारी ठेवून वाचली तर काय दिसते? ही नऊ कमी प्रतीची आहेत असे मला कुठेही जाणवत नाही. ‘हेराक्लीस’मध्ये स्वतःच्या मुलांना मारून शुद्धीवर आलेल्या वीराला मित्र हाताला धरून उठवतो, त्या प्रवेशाइतके करुण फार थोडे लिहिले गेले आहे. याहून मोठी गोष्ट अशी की ‘हेलन’, ‘आयॉन’ आणि टॉरिसमधली ‘इफिजेनिया’ यांचा शेवट सुखाचा आहे. हरवलेली माणसे एकमेकांना ओळखतात, जहाज सुटते, मुलगा आईला मिळतो. अथेन्समध्ये यांना शोकांतिकाच म्हणत होते. अ‍ॅरिस्टॉटलनेही टॉरिसच्या ‘इफिजेनिया’ची वाखाणणी केली आहे.

आपण मराठीत ‘शोकांतिका’ हा शब्द रूढ केला आणि त्या एका शब्दात व्याख्याच करून टाकली: शोकात अंत होतो ती. हा दोष मराठी शब्द घडवणाऱ्यांचा नाही. त्यांच्यापर्यंत पोहोचलेला ग्रीक नाटकाचा नमुनाच निवडून निवडून तसा झालेला होता. पण एका अपघाताने वाचलेली नऊ नाटके जर प्रकाराची व्याख्या इतकी बदलत असतील, तर हरवलेल्या शेकडो नाटकांनी ती किती बदलली असती, याचा विचार ‘शोकांतिकेचे लक्षण’ शिकवणाऱ्या प्रत्येकाने करायला हवा.

छपाईनंतरचा प्रवास तसा परिचित आहे. व्हेनिसच्या आल्डस छापखान्याने १५०२ मध्ये सोफोक्लीस, १५०३ मध्ये युरिपिडीस आणि १५१८ मध्ये एस्किलस छापला. १५८५ मध्ये विचेन्झाच्या नव्या नाट्यगृहाचे उद्घाटन ‘ईडिपस’ने झाले, कारण अ‍ॅरिस्टॉटलने ते आदर्श मानले होते आणि इटलीतल्या पंडितांनी त्याच्या निरीक्षणांचे नियम बनवले होते. जर्मन तत्त्वज्ञांनी ‘अँटिगनी’ वर आणली, फ्रॉइडने ‘ईडिपस’ला प्रत्येकाच्या मनात नेऊन बसवले. प्रत्येक युगाने आपल्याला हवे ते नाटक मध्यभागी ठेवले.

आपल्याकडे हा मान ज्या वाटेने आला ती वाट साम्राज्याची होती, हे मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे. भारतीय सनदी सेवेच्या स्पर्धा परीक्षेसाठी मेकॉलेच्या समितीने १८५४ मध्ये जी गुणांची मांडणी सुचवली तिच्यात ग्रीक आणि लॅटिनला प्रत्येकी ७५० गुण होते, संस्कृत आणि अरबीला प्रत्येकी ३७५. भारतावर राज्य करायला निघालेल्या तरुणाने सोफोक्लीस वाचलेला असणे हे कालिदास वाचलेला असण्याच्या दुप्पट मोलाचे ठरवले गेले. हा आकडा त्या नाटकांच्या गुणवत्तेबद्दल काही सांगत नाही, तो लंडनमधल्या एका समितीबद्दल सांगतो. तरीही आपल्या पूर्वसूरींच्या मनात ग्रीक नाटकाविषयी जो दबदबा निर्माण झाला, त्यात या आकड्याचा वाटा होता.

इथे कोणी विचारेल की हे सगळे जर नट, सरकार, शाळा, योगायोग आणि साम्राज्य यांनी घडवले असेल, तर या नाटकांत स्वतःचे असे काही नाहीच का? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण अलीकडे ‘अभिजात म्हणजे सत्तेने लादलेले’ असे म्हणून विषय संपवण्याची घाई दिसते. त्याला उत्तर अ‍ॅस्टिडॅमसचेच आहे. त्याला सत्ता, पारितोषिके, पुतळा, लोकप्रियता सारे मिळाले होते आणि तरी नंतरच्या कोणत्याही नटाने, शिक्षकाने, लेखनिकाने त्याला पुरेशा वेळा हाती घेतले नाही. उलट ‘मेडीआ’ला परीक्षकांनी खाली ठेवले, तरी मुलांना मारण्याआधी स्वतःच्याच हाताशी बोलणारी ती आई पुढच्या प्रत्येक नटाला काहीतरी करायला देत राहिली. सत्ता एखादी कृती टिकण्याची सोय करू शकते, ती पुन्हा पुन्हा हाती घ्यावीशी वाटणे तिच्या आज्ञेत नसते. आणि हेही तितकेच खरे की पुन्हा हाती घ्यावीशी वाटण्याजोगी कितीतरी नाटके, कोणी सोय न केल्यामुळे, गेली. गुणवत्ता आवश्यक होती, पण ती पुरेशी कधीच नव्हती.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा झालेला आनंद मलाही झाला. पण त्या दर्जाचे काय करायचे याची चर्चा करताना लायकर्गसच्या कायद्याची तीन कलमे डोळ्यांपुढे ठेवावीत असे मला मनापासून वाटते: पुतळा, संहिता आणि प्रयोग. ब्राँझचे ते मूळ पुतळे केव्हाच नाहीसे झाले. संहितेच्या नकला अलेक्झांड्रियाला गेल्या, तिथून शाळांत गेल्या. आपल्या जुन्या नाटकांच्या संहिता, प्रयोगांत पडलेल्या भरीसह, हस्तलिखिते आणि वेगवेगळ्या आवृत्त्या ताडून संपादित करणे, आणि ती नाटके आजच्या नटांच्या हाती देणे, यावर होणारा खर्च मला गौरव सोहळ्यांवरच्या खर्चापेक्षा कितीतरी अधिक गरजेचा वाटतो. त्यातही निवड करणाऱ्यांनी केवळ पाठ्यपुस्तकांत बसतील अशीच नाटके घेऊ नयेत. अक्षराच्या नशिबाने वाचलेल्या त्या नऊ नाटकांनी शाळेच्या निवडीला कुठे कुठे खोटे पाडले, ते आपण पाहिलेच आहे.

२०२२ मध्ये इजिप्तमधील फायूम प्रदेशात, फिलाडेल्फिया या प्राचीन गावाच्या दफनभूमीत पपायरसचा एक तुकडा सापडला. तो इ.स.च्या तिसऱ्या शतकातला आहे आणि त्यावर युरिपिडीसच्या दोन हरवलेल्या नाटकांतल्या मिळून सुमारे शंभर ओळी आहेत. त्यांतल्या बहुतेक यापूर्वी कोणालाही माहीत नव्हत्या. एक नाटक ‘पॉलिइडस’, दुसरे ‘इनो’. ‘इनो’ हे ग्रीक नाव आयोटा या अक्षराने सुरू होते, म्हणजे एप्सिलॉन आणि कॅप्पाच्या मधल्याच पट्ट्यातले. पण वर्णानुक्रमाच्या त्या वाचलेल्या तुकड्यात ते नव्हते. शाळेच्या दहांतही नव्हते. तरी त्या गावातल्या कोणाला तरी या दोन नाटकांतले हेच उतारे लिहून ठेवावेसे वाटले होते.